डालग्याखाली

त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा मेलो तेव्हा नलूनं जेवायला वाढलेलं होतं.

"मामा, भाकरी गार व्हायलीय," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. नलू म्हणजे माझी सून. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात.

"थांब गं जरा. मी मरालोय."

"मरा, पण जेवून मरा."

आणि मी खरोखरच मरत होतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसता बर्फ पडत होता आणि त्यात माझा माणूस, काटकुळा, दाढीवाला, अंगावर गवताचं काहीतरी गुंडाळलेला, गुडघ्यावर बसला होता. कोपऱ्यात पोटाचं एक चित्र होतं. ते रिकामं होऊन लाल लुकलुकत होतं. शेजारच्या खुर्चीत माझी नात केतकी. तिचा माणूस बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला लाकडं तोडत होता.

"आबा, तुमच्या झोळीत गाजर आहे की. खावा ते."

"ते सशाचं आहे."

"कुठल्या सशाचं?"

"जो येणार आहे त्याचं."

"अहो आबा, तुम्ही मरताय."

"आमिष खाऊन जगायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि आता या वयात..."

वाक्य पुरं व्हायच्या आत माझा माणूस आडवा झाला. गाजर बर्फात पडलं. ज्याच्यासाठी ते राखलं होतं तो ससा बिळातून निघाला, मी मांडलेल्या टोपलीला लांबून वळसा घालून आला आणि माझ्या प्रेताला टेकून बसून गाजर खाऊन गेला.

केतकी हसली. मोठ्यानं. स्वयंपाकघरात नलूच्या हातातलं उलथनं जागच्या जागी थांबलं. भिंतीपलीकडून मला ते ऐकू आलं, पाहिजे तर शपथ घेतो.

आता मी त्या बर्फात कसा जाऊन पोचलो ते सांगायला पाहिजे.

मी आजऱ्याचा केरबा शिंपी. शिलाई बरी होती, पण वेळेवर कपडा दिल्याचं माझ्या दुकानाच्या इतिहासात नाही. गिऱ्हाईक आलं की मी त्याला बाकड्यावर बसवायचो आणि शिकारीची गोष्ट सुरू करायचो. गोष्ट संपेपर्यंत निदान काजं-बटणं तरी होऊन जायची. त्यातली सगळ्यात चाललेली गोष्ट डालग्याची. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. ते हिरण्यकेशीच्या काठाला पालथं घालायचं, एका बाजूनं काटकीवर उचलून धरायचं, खाली घनसाळ तांदळाची कणी टाकायची, आणि काटकीला बांधलेली दोरी हातात धरून झुडपात बसायचं. ससा आत शिरला की ओढली दोरी. एकदा सशाच्या जागी रानडुक्कर शिरलं आणि डालगं डोक्यावर घेऊन जे पळालं ते थेट आठवड्याच्या बाजारात. बायकांना वाटलं कासारीण आली. दोघीतिघींनी बांगड्या भरायला हात पुढं केले. एकीला तर मापाच्या मिळाल्यासुद्धा, असं मी सांगायचो, गिऱ्हाईक फारच चिडलेलं असलं तर.

पाय कसा मोडला म्हणाल, तर गव्यानं उडवलं. नलू सांगत फिरते की दोऱ्याची रिळं काढताना मी स्टुलावरून पडलो. ती तिथं नव्हती.

पायात सळी घातली आणि मला कोल्हापूरला मुलाच्या फ्लॅटवर आणलं. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा घरी येणारा. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चौघांनी मला खुर्चीत घालून वर चढवलं, आणि तेव्हाच माझ्या मनात आलं की आता खालीही चौघंच नेणार. डॉक्टरनं वॉकर दिला होता. रोज चालायचं, नाहीतर गुडघा धरेल, असं बजावलं होतं. मी हॉलमधल्या दिवाणावरून हललो नाही. दुखतंय, असं सांगायचो. दुखत नव्हतं. पाऊल टाकलं की आत काहीतरी कट्‌कन मोडेल असं वाटायचं, आणि हे सुनेला कोण सांगणार?

आतल्या खोलीत केतकी. तिचं दारही बंदच असायचं.

कॉलेजच्या गॅदरिंगला तिनं भावगीत म्हटलं होतं. वरच्या एका जागेला आवाज फाटला. बाकी गाणं चांगलं झालं होतं म्हणे. पण कुणीतरी तेवढाच तुकडा उचलला, त्याला बकरीचं ओरडणं जोडलं आणि मोबाईलवर सोडून दिला. तो गावभर झाला. वर्गात बें, रस्त्यात बें, या इमारतीच्या जिन्यातसुद्धा बें. त्या वर्षी ती परीक्षेला बसलीच नाही. तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. दिवसभर कॉम्प्युटरवर तो खेळ. ओसाड बेटावर जाऊन पडायचं, गवत तोडायचं, आग पेटवायची, काहीबाही धरून खायचं आणि जिवंत राहायचं.

एका दुपारी नलू माझ्या दिवाणाशेजारी मेथी निवडायला बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "मामा, एक काम करायचं तुम्ही."

"मी काय करणार आडवा माणूस?"

"शेवटच्या वर्षाची परीक्षा आलीय. फॉर्म मी भरलाय. पण हॉलतिकीट न्यायला स्वतः जाऊन सही करावी लागतीय, आणि पुढच्या शुक्रवारी शेवटचा दिवस. नाही गेली तर हेबी वर्ष गेलं. आणि ह्या खेपेला गेलं तर ती पोरगी त्या खोलीतनं कधीच निघायची नाही मामा, मला दिसतंय ते."

"मग सांग तिला."

"सांगून झालं. रडून झालं. माझा आवाज ऐकला की कडी लावती. तुम्ही गिऱ्हाइकाला उठू देत नव्हतासा, हिला तेवढं उठवून दाखवा. जिन्याखाली रिक्षा उभी ठेवते, तिथवर आली की पुढचं मी बघते."

आता बघा, आयुष्यभर डालगी मांडल्याच्या बाता मारलेल्या माणसाला कुणी असं काम सांगितलं तर तो नाही कसा म्हणणार? दुसऱ्या दिवशी मी दिवाणावर पडल्या पडल्या मोठ्या आवाजात सशाची गोष्ट सुरू केली. ऐकायला समोर फक्त पंखा होता. मी डुक्कर बाजारात आणलं, बायकांचे हात पुढं केले, आणि तिथंच थांबलो.

 मग दारामागून, "खोटं."

"काय खोटं?"

"डालग्यात ससा सापडत नाही आबा. मी कधीपासनं टोपली मांडलीय, एक येत नाही."

"कुठं मांडलीस?"

"खेळात."

"आमिष काय?"

"गाजर."

"वाऱ्याच्या कुठल्या अंगाला?"

दार बोटभर उघडलं. "आबा, यात वारा नसतो."

"वारा नाही? मग सशाला वास कसा जाणार? बघितल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही बाई."

"मग या की बघायला," ती म्हणाली. "मी काय कॉम्प्युटर उचलून आणू?"

तर असा मी वॉकर धरून, भिंतीला खांदा घासत, हॉल ओलांडून गेलो. खोलीत पोचेपर्यंत कपाळाला घाम. तिनं खुर्ची पुढं सरकवली, जुना लॅपटॉप माझ्या हाती दिला, मलाही एक माणूस काढून दिला आणि आपल्या बेटावर घेतलं. आणि मी पहिल्याच हिवाळ्यात गाजर राखून मेलो.

तिला मला उठवायला बेट ओलांडून यावं लागलं. तसा नियम होता. जो मेला त्याच्यापाशी दुसऱ्यानं चालत जायचं.

"पुन्हा मरू नका," ती म्हणाली. "लांब पडतं मला."

पुढचे दिवस आमचं तेच चाललं. टोपली वेताची विणायची, बरोबर बिळाच्या तोंडापाशी मांडायची, आत गाजर नाहीतर बोरं. यात दोरीच नव्हती.

"मग शिकाऱ्यानं करायचं काय?" मी विचारलं.

"काही नाही. लांब जाऊन बसायचं. तुम्ही असं टोपलीवर वाकून बसलात तर कोण येईल?"

"मी आजऱ्यात असंच धरायचो."

"आजऱ्यात तुम्ही एक तरी ससा धरलाय का, आबा?"

"तुझ्या आजीला विचार."

"आजी मी जन्मायच्या आधी गेली."

"म्हणून तर," मी म्हटलं.

ससे सापडायला लागले. टोपली धप्प खाली बसायची, आत गडबड व्हायची, आणि केतकी टेबलावर मूठ आपटायची. मी मात्र त्या टोपलीकडं फार वेळ बघत नसे. आतला ससा एकदा या बाजूला धडकायचा, एकदा त्या बाजूला, मग गप्प बसायचा. गप्प बसलेला मला बघवत नसे.

माझी खरी शिकार वेगळीच चालली होती. मी म्हटलं, "या खोलीत कोंडल्यासारखं होतंय गं." दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मग हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर मांडू." मी मनात म्हटलं, आली. पुढं मला हॉलमध्ये डासांचा त्रास सुरू झाला, तेव्हा तिनं आपणहून सुचवलं, "आबा, गॅलरीत ऊन छान येतं." बंद दाराआडची पोरगी गॅलरीत येऊन बसली, तेही दिवसाउजेडी, खालून लोक जात असताना. मी वॉकर ठोकत तिच्यामागं. पाय आता पहिल्यासारखा कापत नव्हता, पण तिकडं माझं लक्ष कुठं होतं.

संध्याकाळी नलूला हळूच म्हटलं, "गॅलरीपर्यंत आणली."

"तुमच्यासारखे तुम्हीच मामा," ती कणीक मळत म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

शुक्रवार आला. दुपारी जेवणं झाली, खाली रिक्षा येऊन उभी राहिल्याचा आवाज आला. मी घसा साफ केला. केतकीनंही नेमका तेव्हाच घसा साफ केला.

"केतकी, मी म्हणतो, आज खाली..."

"आबा, आज आपण खाली पार्किंगमध्ये..."

दोघंही थांबलो.

"तू बोल," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे, खाली बाकडं आहे. सावली आहे. लॅपटॉप घेऊन बसता येईल. तुम्हाला जमेल का जिना?"

"तू पुढं असशील तर जमेल. एकटा नाही उतरणार."

"मी असते की पुढं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला, जणू आपण काय बोललो ते तिला आत्ता ऐकू आलं. तरी तिनं चपला घातल्या. चपलांवर धूळ होती, ती तिनं पुसलीही नाही.

नलू घरात नव्हती. वाण्याकडं जाऊन येते म्हणून आधीच खाली गेली होती.

आम्ही निघालो. केतकी एक पायरी खाली, पाठमोरी नाही, माझ्याकडं तोंड करून, बगलेत लॅपटॉप. माझा एक हात कठड्यावर, दुसरा तिच्या खांद्यावर. वॉकर वरच राहिला. आधी चांगला पाय की आधी दुखरा, हे डॉक्टरनं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. एक एक पायरी करत दुसऱ्या मजल्याच्या जवळ आलो, तेवढ्यात गावसकाकूंचं दार उघडलं.

गावसकाकू सावंतवाडीकडच्या. मनानं साखर, तोंडाला झाकण नाही.

"अगो बाई, केतकी! किती दिवसांनी दिसलंस," त्या म्हणाल्या. "आणि तुझा तो बकरीचा व्हिडिओ आमच्या सावंतवाडीच्या लोकांनी पण बघितला हो. माझी नणंद म्हणाली, ही तुमच्याच बिल्डिंगमधली ना? मी म्हटलं, आमचीच."

त्या अगदी अभिमानानं बोलत होत्या.

माझ्या हाताखालचा केतकीचा खांदा दगड झाला.  माझा हात तिनं खांद्यावरून काढून कठड्यावर ठेवला, माझ्या बाजूनं निघाली आणि वर चढायला लागली.

"केतकी."

"आबा, मी वर जाते. आई येईल तुम्हाला न्यायला."

मी वळून बघायला गेलो आणि पायात कट्‌कन झालं. अगदी तसंच, जसं मला इतके दिवस वाटत होतं. कळ गुडघ्यातून मांडीत गेली.

"केतकी, पाय गेला गं माझा."

वरून, न थांबता, "खोटं."

 तिचं काय चुकलं? मी जन्मभर जे सांगितलं त्यावर लोक हसले ते खोटं म्हणूनच हसले. पुढं उतरता येईना, मागं चढता येईना. दोन मजल्यांच्या मधे, एका पायरीवर, दोन्ही हातांनी कठडा धरून मी उभा होतो. त्या खेळात टोपलीखालचा ससा धडका मारून झाल्यावर गप्प बसतो ना, तसं माझं झालं. तोंडातून पुढचा शब्द निघेना. एरवी मी अशा वेळी गव्याला आणलं असतं.

हळूहळू मी खालीच बसलो. पायरीवर.

मी गप्प बसलो म्हणूनच ती थांबली असणार. वरची पावलं बंद झाली.

"आबा?"

मी काही बोललो नाही.

"आबा, काहीतरी बोला की."

"तेच्या तोंडावरचा रंग गेला बघ," गावसकाकू म्हणाल्या.

ती धावत खाली आली. माझ्यापुढं उकिडवी बसून तोंडाकडं बघत राहिली. मग माझ्या कपाळाला हात लावला. हात ओला झाला.

"खरंच?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

खाली रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. केतकीनं खाली बघितलं, वर बघितलं. तिच्या एकटीच्यानं मी उचलला जाणार नव्हतो. जिन्यात दुसरं कोण होतं? ती काकूंकडं वळली.

"काकू, आबांना त्या बाजूनं धरा. खाली रिक्षा उभी आहे, दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"धरतंय की," काकू म्हणाल्या आणि पदर खोचून आल्या.

अशी आमची वरात निघाली. मधे मी लोंबकळत, एका काखेत नात, दुसऱ्या काखेत गावसकाकू. पायरी उतरता उतरता काकूंचं तोंड चालूच, आता ते गाणं कुठलं म्हणून चौकशी. "तां गाणा खंयचा होता गो? व्हिडिओत मेलं पुरतं ऐकूकच येईना."

केतकीनं माझा हात आपल्या खांद्यावर नीट घेतला. मग म्हणाली, "चांगलं म्हणत होते काकू मी. त्या एका जागेपर्यंत."

"असणारच. तोपर्यंत बकरी पण गप्पच होती."

केतकीच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्याचा की रडण्याचा, ते मला तिच्या काखेत लटकून कळलं नाही. पण ती थांबली नाही.

खाली रिक्षात नलू बसलेली होती. मांडीवर माझी एक्स-रेची पिशवी आणि पर्स, पर्समधून केतकीचं कॉलेजचं ओळखपत्र डोकावत होतं.

"आई, आबांचा पाय..."

"बघितलं. बसा आधी."

आम्हाला आत सरकवून नलू उघड्या बाजूला बसली. रिक्षाच्या दुसऱ्या बाजूला आडवा दांडा असतो. म्हणजे बाहेर पडायचं तर नलूला ओलांडून.

रिक्षावाला मागं वळला. "वहिनी, तुम्ही म्हणालता तसंच ना? आधी कॉलेज, मग हाडाचा दवाखाना?"

मी केतकीकडं बघितलं. तिनं माझ्याकडं.

"ही रिक्षा तुमच्यासाठी आहे म्हणाली होती आई मला," केतकी हळूच म्हणाली. "तुम्ही चालत नाही, तर काहीतरी करून जिन्याखाली आण म्हणाली. खेळाचं आमिष दाखव म्हणाली."

"मला म्हणाली होती तुझ्यासाठी आहे."

नलू रस्त्याकडं बघत होती. "कॉलेज वाटेतच आहे," ती म्हणाली. "पाचच मिनिटं लागतील. मामा, कळ सोसंल का तेवढी?"

सोसली. कॉलेजच्या फाटकाशी नलू उतरून बाजूला झाली. केतकी आत बसून राहिली. फाटकातून पोरंपोरी ये-जा करत होती. मी माझी सगळी गोष्टींची पोतडी धुंडाळली, एक कामाची निघाली नाही.  नलूनं ओळखपत्र तेवढं पुढं धरलं. केतकीनं माझ्या पायाकडं बघितलं, मग ओळखपत्र घेतलं आणि उतरली.

ती परत आली तेव्हा कागद हातात चुरगळलेला होता. कुणी बें केलं का, हे आम्ही विचारलं नाही.

डॉक्टरनं मात्र माझी बिनपाण्यानं केली. सळीचा एक स्क्रू हलला होता. जिना उतरवायला कुणी सांगितलं या माणसाला, असं त्यानं विचारलं. तिघांनी तीन दिशांना बघितलं. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा दिवाण, आणि आता खरोखरीच उठायची बंदी. आजऱ्याला परतायचं जे लांबलं ते दिवाळीपलीकडं गेलं. तिथं मी गवा पुन्हा आल्याचं कळवून टाकलं.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी सकाळी केतकीनं लॅपटॉप माझ्या पोटावर आणून ठेवला.

"माझ्या माणसाला जिवंत ठेवा आबा. आणि गाजर खावा, भूक लागली तर."

"सशाचं काय?"

"त्याचं तो बघेल."

ती बाहेर पडली. दार नलूनं उघडंच ठेवलं. चपलांचा आवाज जिन्यातून खाली जात होता, मी पडल्या पडल्या ऐकत होतो. खालून कुठल्या तरी पोरानं लांबलचक बें केलं.

पावलं थांबली.

मला उठता येत नव्हतं. नलू लाटणं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तव्यावरची चपाती करपत होती. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. जिन्यात काहीच हालत नव्हतं. मी एक गोष्ट जुळवायला घेतली, वर आली तर सांगायला, आणि सुरुवातीलाच अडकलो.

मग पावलं पुन्हा वाजली. कुठल्या दिशेनं, ते लगेच कळेना. मी कान दिला. आवाज लहान लहान होत गेला.